नवीन विंडोज टाकलं आणि साइट अडकायला लागली? ‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी हे तपासा

नाशिक : कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकलं. फायबरचा दिवा हिरवा, गुगल उघडतंय, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेजही जातोय. पण महाडीबीटीवर कागदपत्र अपलोड करायला घेतलं की चक्र फिरतच राहतं. मग सेवा केंद्रात ठरलेलं उत्तर, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ हातातलं काम टाकून आलेला शेतकरी माघारी जातो. अर्जाची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही.

सर्व्हर कधी खरंच बंद असतो, नाही असं नाही. पण तीच साइट, त्याच कॉम्प्युटरवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटने चालत असेल तर गडबड आपल्याकडच्या जोडणीत आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्यानंतर ज्यांनी विंडोज ११ घेतलं, त्यांनी तर हे तपासावंच.

इंटरनेटवर माहिती छोट्या पाकिटांतून जाते. एका पाकिटाची कमाल साइज म्हणजे एमटीयू. कॉम्प्युटर साधारण १५०० बाइटचं पाकीट धरून चालतो. पण युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणाऱ्या बऱ्याच फायबर कनेक्शनमध्ये पीपीपीओई ही पद्धत असते. ती ८ बाइट स्वतःसाठी घेते, उरतात १४९२.

रेल्वेच्या बोगद्याआधी उंचीची लोखंडी कमान असते ना, तसंच हे. मोटारसायकल आरामात जाते, क्रेट रचून भरलेली पिकअप अडकते. म्हणून मेसेज जातो, पीडीएफ जात नाही. खरं तर वाटेतला राऊटर ‘पाकीट मोठं आहे, लहान करा’ असा निरोप परत पाठवतो. फायरवॉलने तो निरोपच अडवला तर कॉम्प्युटर तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. आधी कोणी हाताने १४९२ करून ठेवलं असेल, तर अपग्रेडमध्ये ती सेटिंग पुसलीही जाते.

तपासायला कमांड प्रॉम्प्ट उघडा. पिंग, स्पेस, उणे एफ, स्पेस, उणे एल, स्पेस, १४७२, स्पेस, ८.८.८.८ असं इंग्रजीत टाका. उणे एफ म्हणजे पाकिटाचे तुकडे करू नका. पिंग स्वतःचे २८ बाइट जोडतो, म्हणून १४७२ चे १५०० होतात. उत्तर आलं नाही तर १४६४ टाका. ते गेलं तर हिशेब लागला : १४६४ अधिक २८, म्हणजे १४९२. तेही गेलं नाही तर आकडा थोडा थोडा कमी करत जा. १४७२ च सरळ गेलं तर पाकिटाचा दोष नाही, अँटीव्हायरसकडे बघा.

दुरुस्तीसाठी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो. ‘नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो सबइंटरफेसेस’ टाकलं की कनेक्शनचं नाव आणि सध्याचा एमटीयू दिसतो. मग याच कमांडमध्ये ‘शो सबइंटरफेसेस’च्या जागी ‘सेट सबइंटरफेस’, पुढे अवतरण चिन्हात ते नाव, ‘एमटीयू=१४९२’ आणि ‘स्टोअर=परसिस्टंट’. शेवटच्या शब्दामुळे मशीन रीस्टार्ट झाल्यावरही सेटिंग टिकते.

कोणी ‘सरळ १००० करून टाका’ म्हणेल, ते करू नका, स्पीड उगाच कमी होतो. केंद्रातली सगळीच मशीन अडकत असतील तर एकेकाच्या मागे लागण्यापेक्षा कनेक्शनवाल्याला फोन करा आणि ‘१४६४ जातं, १४७२ जात नाही’ एवढं सांगा. राऊटरमध्ये ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ चालू करून तो एका जागी काम उरकू शकतो.