शिराकावागोला एक रात्र राहाच!

हल्ली आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतूनही जपानच्या सहलीला मंडळी निघतात. टोकियो, फुजी पर्वत, क्योटो, ओसाका, आणि मधेच एका ओळीत ‘शिराकावागो दर्शन’. हे दर्शन म्हणजे काय? बस थांबते, पाऊण तास फोटो, की चला परत. एका सहल कंपनीने आम्हाला हेच सांगितलं. वर म्हणाले, ‘तिथं राहून काय करणार ताई, जेवायचे हाल होतील.’ मग आम्ही तिघी मैत्रिणींनी त्या भागापुरती आमची आम्हीच व्यवस्था केली. हाल झाले नाहीत. तयारी मात्र भरपूर करावी लागली, तीच इथे सांगते.

हा हिदा नावाचा डोंगराळ मुलूख. नागोयाहून ‘हिदा’ याच नावाची रेल्वे निघते, साधारण अडीच तासांत ताकायामा शहर येतं. तिथून शिराकावागोला बसने पन्नास मिनिटं. काही बसना आधी आरक्षण लागतं, ते परतीचंही करूनच ठेवा. परदेशी प्रवाशांचा रेल्वे पास सगळे घ्यायला सांगतात, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. तेव्हा आधी सुट्या तिकिटांची बेरीज करा, मग ठरवा.

शिराकावागोतलं ओगिमाची हे मुख्य गाव १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथल्या घरांना ‘गाश्शो’ म्हणतात, म्हणजे जोडलेले हात. गवताने शाकारलेली उभी उतरती छपरं खरंच नमस्कार केल्यासारखी दिसतात. बर्फ घसरून पडावं म्हणून ती अशी. वरच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. तीस-चाळीस वर्षांनी छप्पर बदलावं लागतं, तेव्हा शे-दोनशे माणसं जमून ते शाकारतात. याला ते ‘युई’ म्हणतात. आपल्याकडे शेतात सावड करतात ना, अगदी तीच गोष्ट. वादा यांचं घर तिकीट काढून आतून बघता येतं, माळ्यावर चढून दोरांनी बांधलेल्या तुळया जरूर बघा.

अशाच काही घरांत पाहुणे ठेवतात. याला ‘मिंशुकु’ म्हणतात. हे हॉटेल नव्हे, कुणाचं तरी राहतं घर आहे, हे डोक्यात ठेवलं की निम्मे प्रश्न सुटतात. खोल्या थोड्या असतात, म्हणून काही महिने आधी बुकिंग हवं. खोल्यांच्या मधे सरकती कागदी दारं, त्यामुळे आवाज जातो. रात्री फोनवर ‘हॅलो, हॅलो’ नको! झोपायला जमिनीवर गादी. गुडघे दुखत असतील तर हा विचार आधीच करा. संध्याकाळी पाचच्या आत पोचा, कारण जेवण सहाच्या सुमारास. पैसे बहुधा रोख लागतात.

मोठी बॅग गावात आणूच नका. ताकायामाच्या स्टेशनवर लॉकर आहेत, त्यासाठी शंभर येनची नाणी जवळ ठेवा. नाहीतर हॉटेलमधून पुढच्या मुक्कामी बॅग पाठवायची सोय जपानभर आहे. बहुतेक ठिकाणी ती दुसऱ्या दिवशी पोचते.

आता जेवण. हा खरा प्रश्न, कारण आमच्यातली एक पूर्ण शाकाहारी. तिकडे मासे दिसले नाहीत तरी रस्सा माशांच्या पाण्यावरच करतात, त्याला ‘दाशी’ म्हणतात. त्यामुळे नुसतं ‘व्हेजिटेरियन’ सांगून भागत नाही. ‘मांस, मासे, अंडी आणि माशांचा दाशीसुद्धा चालत नाही’ असं जपानीत लिहून घ्या, आणि ते बुकिंग करतानाच कळवा. दारात जाऊन सांगू नका, तोवर त्या घरच्या बाईचा स्वयंपाक झालेला असतो. त्यांना जमणार नसेल तर त्या स्पष्ट सांगतात. मग साधा भात मागायचा आणि आपलं मेतकूट, चटणी विचारून काढायची. गावातली खानावळ रात्री उघडी मिळेल या भरवशावर राहू नका. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता भारतातून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. मांसाचे पदार्थही चालत नाहीत. ताकायामात तांदळाच्या गोळ्यांना सोया सॉस लावून काडीवर भाजतात, ते मिताराशी दांगो आमच्या तिघींनाही फार आवडलं. इथे ते गोड नसतं.

आंघोळीची धास्ती मात्र सगळ्यांनाच असते. घरातलं न्हाणीघर एकच, पाळीपाळीने जायचं. आधी टबाबाहेर स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची, मग गरम पाण्याच्या टबात नुसतं बसायचं. आणि बाहेर येताना पाणी सोडून द्यायचं नाही, कारण तेच पाणी पुढच्या माणसासाठी असतं! गरम झऱ्याच्या सार्वजनिक ठिकाणी बायकांचा विभाग वेगळा असतो, पण आत कपडे अजिबात चालत नाहीत. लाज वाटते, खोटं कशाला बोलू? पण कुणी कुणाकडे बघत नाही, आणि पाच मिनिटांत आपणही विसरतो. पाळी चालू असेल तर टबात न उतरता नुसता शॉवर घ्यावा. ज्यांना नकोच वाटतं, त्यांनी स्वतंत्र बाथरूम असलेलं हॉटेल ताकायामात घ्यावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

चपला दारात काढायच्या हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पण घरातली सपाता चटईच्या खोलीत न्यायची नसते, आणि संडासाची वेगळी असते, ती तिथेच ठेवायची. मोजे न फाटलेले न्या!

गावात कचऱ्याचे डबे शोधू नका, पिशवी जवळ बाळगा. कुणाच्या अंगणात, भातखाचरात फोटोसाठी शिरू नका. रोज एवढी माणसं खिडकीतून डोकावली तर त्या घरच्या बायकांना काय वाटत असेल?

ताकायामालाही एक दिवस हवाच. सकाळी नदीकाठी बाजार भरतो, दुपारी बारापर्यंत उठतो. डोकीला फडकी बांधलेल्या आज्या भाजी, लोणची आणि ‘सारुबोबो’ विकतात. ही लाल कापडाची, चेहरा नसलेली बाहुली म्हणजे माकडाचं पिल्लू. पूर्वी आज्या नातवंडांसाठी घरीच शिवायच्या. लग्न जुळावं, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणूनही देतात. जवळच जुनी सरकारी कचेरी, ‘जिन्या’, आणि काळ्या लाकडी घरांच्या गल्ल्या आहेत. १४-१५ एप्रिल आणि ९-१० ऑक्टोबरला इथली रथांची जत्रा असते. बघायची तर खोली फार आधी घ्या, नको असेल तर त्या तारखा टाळा. हिवाळ्यात बर्फ माणसाच्या उंचीएवढं साठतं, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना मे महिना बरा.

मुक्काम का करायचा, तर संध्याकाळच्या शेवटच्या बसेस गेल्या की गाव एकदम शांत होतं. पाटाच्या पाण्याचा आवाज येतो. सकाळी नऊनंतर पुन्हा बसेस येतात. आम्ही सहालाच उठून बाहेर पडलो होतो. एक आजी दारातला झाडू मारत होत्या. वाकून ‘ओहायो गोझाइमास’ म्हणाल्या, आम्हीही वाकलो.