तीन सेकंदांचा धीर

बी.एड.चा सराव पाठ चालू आहे. छात्राध्यापिका विचारते, “ओले कपडे वाऱ्यावर लवकर का वाळतात?” वर्ग गप्प. मागे मार्गदर्शक निरीक्षण-तक्ता घेऊन बसलेले. ती शांतता तिला सोसवत नाही. पुढच्या बाकावरच्या नेहमीच्या हुशार मुलाला ती उठवते, नाहीतर उत्तर स्वतःच सांगून टाकते. आपण सर्वांनीच हे कधी ना कधी केलेले आहे.

अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गातील संवाद ध्वनिमुद्रित करून ही शांतता मोजली. १९७४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. हा वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणे कमी झाले, एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. आणखी एक गोष्ट दिसली. शिक्षक ज्यांना ‘कच्ची’ समजत, त्या मुलांना हुशार मुलांपेक्षाही कमी वेळ मिळत होता!

प्रश्न समजून घेणे, आठवणे, शब्द जुळवणे आणि चुकण्याची भीती बाजूला सारणे, एवढे सारे एका सेकंदात कसे व्हावे? घरची बोली वेगळी असेल, तर आणखी वेळ लागतो. हे शिक्षिकेला ठाऊक असते. पण आतली धास्ती तिला थांबू देत नाही. म्हणजे थांबण्यासाठी आधी स्वतःची अस्वस्थता ओळखावी लागते, ती आवरावी लागते आणि गप्प मुलाच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज घ्यावा लागतो. सामाजिक-भावनिक कौशल्ये म्हणतात ती हीच. ती उपदेशाने येत नाहीत, सरावाने येतात.

त्यासाठी नवे काही उभारायला नको. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३च्या सुमारास सुरू झालेले सूक्ष्म अध्यापन आपल्या अध्यापक महाविद्यालयांच्या परिचयाचे आहे. त्यातील एक छोटा पाठ केवळ ‘थांबण्या’साठी ठेवावा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे, प्रत्येक प्रश्नानंतरचे सेकंद मोजावेत आणि तोच पाठ पुन्हा घ्यावा. नंतरच्या चर्चेत विचारावे, “वर्ग गप्प होता, तेव्हा तुला काय वाटले?”

हे विचारून आपणही तीन सेकंद थांबायला हवे. शिवाय वर्गातली प्रत्येक शांतता निरीक्षण-तक्त्यात दोष म्हणून नोंदवली जात असेल, तर छात्राध्यापिका थांबणार कशी? सुरुवात आपल्या तक्त्यापासून करू या.