शिशूच्या चेहऱ्यावरील इसब : स्वरूप, प्रचलित समजुती आणि व्यवस्थापन

सारांश

दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या गालांवर व कपाळावर उठणारे खाजरे, खरखरीत चट्टे हे बहुधा ॲटॉपिक इसबाचे लक्षण असते. हा विकार अंगातील उष्णतेमुळे, रक्तदोषामुळे अथवा मातेच्या आहारातील चुकीमुळे होतो, असा समज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. प्रस्तुत लेखात या विकाराचे स्वरूप आधुनिक त्वचाशास्त्राच्या आधारे स्पष्ट केले असून, घरगुती संगोपनातील कोणत्या रीती तो वाढवतात व कोणत्या उपकारक ठरतात, याची चर्चा केली आहे. त्वचेच्या दुबळ्या आवरणाचे रक्षण आणि औषधाचा मोजका, परंतु निर्भय वापर या दोन सूत्रांवर व्यवस्थापन उभे असावे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : इसब, शिशुसंगोपन, त्वचेचे आवरण, स्टिरॉइड मलम, आहारविषयक पथ्य.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील घरांत बाळाचे न्हाणे हा एक सोहळाच असतो. मालीशवाली बाई येते, तेल चोळले जाते, डाळीचे पीठ व साय लावून लव काढली जाते, कढत पाण्याने अंग शेकले जाते आणि शेवटी ओवा-वावडिंगाची धुरी देऊन बाळाला कुंचीत गुंडाळले जाते. या रीतीमागे माया आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवही आहे. निरोगी त्वचेच्या बाळाला त्यातील बरेचसे सोसते. तथापि ज्या बाळाची त्वचा जन्मतःच कोरडी व दुबळी आहे, त्याच्या बाबतीत याच रीती अपायकारक ठरू शकतात. गाल लाल होतात, चिरतात, त्यांतून लस पाझरते. बाळ रात्रभर चेहरा उशीवर घासत राहते आणि घरात कोणालाच झोप मिळत नाही.

अशा वेळी घराचा पहिला रोख बहुधा मातेकडे वळतो. ‘काहीतरी बाधक खाल्ले असेल’ असे म्हणून तिचे दूध, डाळी, फळे, अंडी एकामागून एक बंद केली जातात. दुसरीकडे, औषधांच्या दुकानातून कोणतेतरी मलम आणून लावले जाते. ते दोन दिवसांत गुण देते, म्हणून महिनोन्‌महिने चालू राहते. माता व बालक दोघांचेही यात नुकसान होते. म्हणूनच हा विषय केवळ वैद्यकीय न राहता कौटुंबिक व सामाजिकही ठरतो.

२. विकाराचे स्वरूप

आयुर्वेदात चरकाने क्षुद्रकुष्ठांमध्ये ‘विचर्चिका’ या व्याधीची गणना केली आहे. इसबाचे वर्णन करताना अनेकदा तिचा उल्लेख होतो. आधुनिक वैद्यकात ‘ॲटॉपिक डर्मटायटिस’ ही संज्ञा १९३३ साली रूढ झाली. १९८० मध्ये हॅनिफिन व राज्का या त्वचातज्ज्ञांनी निदानाचे निकष मांडले. खाज, वयानुसार ठरावीक जागी उठणारे चट्टे, वारंवार उलटण्याची प्रवृत्ती आणि कुटुंबातील दमा किंवा ॲलर्जी यांचा त्या निकषांत समावेश आहे. शिशुवयात गाल, कपाळ, टाळू आणि हातापायांच्या बाहेरील बाजू यांवर चट्टे उठतात. लंगोटाखालची ओलसर त्वचा बहुधा वाचते. खाज नसेल, तर इसबाच्या निदानाचा फेरविचार करणे योग्य ठरते.

विकाराच्या मुळाशी त्वचेच्या आवरणातील उणीव असते. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर हा विटा आणि चुना यांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा, तर पेशींमधील स्निग्ध द्रव्ये हा चुना होय. या विटा घट्ट बसवण्यात आणि त्यांत ओलावा टिकवण्यात फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे इसबाचा धोका बराच वाढतो, हे २००६ साली सिद्ध झाले. भिंतीला फटी पडल्या की आतील पाणी उडून जाते व बाहेरील साबण, लाळ, धूळ आणि जंतू आत शिरतात. त्यामुळे दाह होतो, दाहामुळे खाज सुटते आणि खाजवल्याने भिंत आणखी ढासळते. हे दुष्टचक्र तोडणे हाच उपचाराचा गाभा होय. इसब संसर्गजन्य नाही. बाळाला जवळ घेतल्याने ते कोणालाही होत नाही.

३. चेहराच प्रथम का?

चेहरा सदैव उघडा असतो. वारा, ऊन व थंडी त्यालाच प्रथम लागते. दात येण्याच्या सुमारास गळणारी लाळ, दुधाचा ओघळ, वरच्या आहाराचे खरकटे आणि ते पुसण्यासाठी वारंवार फिरवलेला पदर या सर्वांचा मारा गाल व हनुवटीवर होतो. शिवाय अगदी लहान बाळाला हाताने नेमके खाजवता येत नाही. ते चेहराच उशीवर किंवा आईच्या खांद्यावर घासते.

चेहऱ्यावरील प्रत्येक पुरळ मात्र इसब नसते. पहिल्या काही आठवड्यांत येणाऱ्या बारीक पुटकुळ्या आपोआप जातात. टाळू व भुवयांवरील पिवळसर, तेलकट खपली हा सेबोरिक प्रकार असून त्यात खाज अल्प असते. घरातील इतरांनाही रात्री खाज सुटत असेल तर खरजेचा विचार करावा लागतो. तोंड व गुदद्वाराभोवती चट्टे, जुलाब आणि केस गळणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास जस्ताच्या कमतरतेची शक्यता तपासावी लागते. सावळ्या त्वचेवर दाह लालभडक न दिसता तपकिरी किंवा जांभळट दिसतो, त्यामुळे त्याची तीव्रता कमी लेखली जाण्याचा संभव असतो.

४. न्हाणे आणि स्निग्धता

इसब असलेल्या बाळाला आंघोळ वर्ज्य नाही. ती पाच ते दहा मिनिटांची आणि कोमट पाण्याची असावी. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो. म्हणून चेहऱ्यावर साबण लावू नये. डाळीच्या पिठाचे कण दुखावलेल्या त्वचेला ओरखडतात आणि लव काढण्यासाठी फिरवला जाणारा पिठाचा गोळा त्याहून अधिक घातक ठरतो.

यात आणखी एक धोका संभवतो. फुटलेल्या त्वचेतून अन्नातील प्रथिने शरीरात शिरली, तर त्या अन्नाचीच ॲलर्जी उद्भवू शकते. जपानमध्ये गव्हाचे विघटित प्रथिन असलेला चेहऱ्याचा एक साबण वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक व्यक्तींना गव्हाची ॲलर्जी झाल्याचे २००९ नंतरच्या काळात उघडकीस आले. हे उदाहरण मुख्यतः प्रौढांचे आहे. तथापि चिरलेल्या गालांवर पीठ, साय वा दूध चोळू नये, हा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

अंग टिपल्यावर, त्वचा किंचित ओलसर असतानाच, सुगंधविरहित स्निग्ध मलम लावावे. साधी पेट्रोलियम जेली स्वस्त असून परिणामकारक आहे. दूध पाजण्यापूर्वी किंवा भरवण्यापूर्वी गाल व हनुवटीवर तिचा पातळ थर दिल्यास लाळ व खरकटे त्वचेला थेट लागत नाही. इंग्लंडमधील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी २००७ साली इसबग्रस्त मुलांसाठी संपूर्ण अंगाला आठवड्यास २५० ते ५०० ग्रॅम इतके स्निग्ध मलम सुचवले. बोटभर मलमाची छोटी नळी महिनाभर पुरवणाऱ्या घरांनी हे प्रमाण ध्यानात घ्यावे.

तेलांपैकी मोहरीचे तेल टाळणे इष्ट असून ऑलिव्ह तेल आवरणास बाधक ठरत असल्याचे प्रयोगांत दिसले आहे. खोबरेल तेलाची स्थिती वेगळी आहे. फिलिपिन्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११७ बालरुग्णांपैकी ज्यांना शुद्ध खोबरेल दिले गेले, त्यांना खनिज तेलापेक्षा अधिक आराम पडला. कोकणातील आजीचा खोबरेलावरील विश्वास अगदीच निराधार नव्हता, असे म्हणता येईल. मात्र तेल हलक्या हाताने लावावे, रगडू नये. धुरी आणि थेट अंगाला लागणारी लोकर टाळून सुती टोपडे वापरावे.

निरोगी अर्भकास मलम लावत राहिल्याने इसब टळत नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये १,३९४ नवजातांवर झालेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभर रोज मलम लावलेल्या गटात दोन वर्षांच्या वयात २३ टक्के, तर न लावलेल्या गटात २५ टक्के बालकांना इसब आढळले. हा फरक नगण्य होय. मलम हा उपचाराचा पाया आहे. ती प्रतिबंधक लस नव्हे.

५. स्टिरॉइड मलम : भय आणि गैरवापर

दाह वाढल्यावर केवळ स्निग्ध मलमाने भागत नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सौम्य स्टिरॉइड, बहुधा १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन, चट्ट्यांपुरते पाच ते सात दिवस लावले जाते. प्रमाणासाठी १९९१ साली मांडले गेलेले ‘बोटाच्या पेराचे माप’ उपयुक्त आहे. प्रौढाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून काढलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा संपूर्ण चेहरा व मान यांना असे एक माप पुरते. चट्टे थोडेच असतील तर त्याहून कमी लागते.

या औषधाबाबत समाजात दोन टोके आढळतात. काही पालक ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकताच नळी बाजूला ठेवतात आणि बाळ आठवडे-आठवडे तळमळत राहते. इसब शमल्यावर उरणारे फिकट डाग औषधाचे समजले जातात. वास्तविक ते बहुधा दाहाचे अवशेष असून कालांतराने जातात. दुसऱ्या टोकाला तीव्र स्टिरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेली मलमे सर्रास वापरली जातात. भारतातील बारा केंद्रांमध्ये चेहऱ्याच्या त्वचाविकारांच्या २,९२६ रुग्णांची पाहणी करण्यात आली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड वापरत असल्याचे आढळले. चेहऱ्याची त्वचा पातळ असल्याने ती विरळ होणे, केशवाहिन्या दिसू लागणे असे परिणाम तेथे लवकर होतात. क्लोबेटासोलसारख्या अतितीव्र औषधाच्या दीर्घ वापराने अर्भकांना कुशिंग सिंड्रोम झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. २०१८ साली केंद्र शासनाने १४ स्टिरॉइड मलमे चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली, ती याच पार्श्वभूमीवर. दोष औषधात नसून तीव्रता, प्रमाण व मुदत यांचे भान सुटण्यात आहे.

६. मातेचा आहार आणि बाळाचे अन्न

बहुसंख्य शिशूंच्या इसबाचे मूळ मातेच्या ताटात नसते. बाळंतिणीचे अन्न कारणाशिवाय तोडल्यास तिचे पोषण खालावते आणि अपराधभाव तेवढा वाढतो. विशिष्ट पदार्थ बाळाच्या पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठणे, ओठ सुजणे, उलटी होणे अशी लक्षणे दिसली, किंवा योग्य उपचारानंतरही तीव्र इसब हटत नसेल, तर ॲलर्जीची तपासणी सयुक्तिक ठरते.

पदार्थ लांबणीवर टाकणे नेहमीच सुरक्षित असते, हा समजही २०१५ सालच्या एका चाचणीने डळमळीत केला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या, चार ते अकरा महिन्यांच्या ६४० बालकांचा तीत समावेश होता. प्रारंभी त्वचाचाचणीत शेंगदाण्याला प्रतिक्रिया न दिलेल्या बालकांपैकी ज्यांना शेंगदाणा वर्ज्य केला, त्यांच्यातील १३.७ टक्क्यांना पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी आढळली. ज्यांना तो नियमित दिला, त्यांच्यात हे प्रमाण १.९ टक्के होते. तीव्र इसब असलेल्या बाळाला असे पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावेत. अख्खा दाणा घशात अडकण्याचा धोका असल्याने तो कधीही देऊ नये.

७. त्वरित उपचाराची लक्षणे

चट्ट्यांवर मधासारखी पिवळी खपली धरणे, पू येणे किंवा ताप येणे ही जंतुसंसर्गाची चिन्हे होत. एकसारखे, खळगे पडल्यासारखे फोड झपाट्याने पसरत असतील तर नागीण-वर्गातील हर्पिस विषाणूचा गंभीर संसर्ग संभवतो. त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ओठावर ताप फुटलेल्या व्यक्तीने इसब असलेल्या बाळाचा मुका घेऊ नये. डोळ्यांलगत पसरणारे चट्टे आणि वजन न वाढणे यांकडेही दुर्लक्ष करू नये.

८. निष्कर्ष

शिशूच्या चेहऱ्यावरील इसब हा त्वचेच्या आवरणाचा विकार आहे. तो मातेच्या चुकीचा पुरावा नाही. बहुतेक बालकांत तो वयानुसार सौम्य होत जातो, तोपर्यंत तो आटोक्यात ठेवणे हेच साध्य होय. परंपरेतील कोमल स्पर्श, खोबरेल व सुती वस्त्र यांना या व्यवस्थापनात स्थान आहे. रगडणे, कढत पाणी, पीठ व धूर यांना नाही. औषधाचे भय आणि त्याचा अतिरेक ही दोन्ही टोके टाळून ते ठरल्या मापाने वापरल्यास बाळाची झोप परत येते आणि त्यासोबत मातेचीही.