डॉक्टरांची न संपणारी शाळा



शाळामास्तराच्या धंद्यांत एक गोष्ट लवकर ध्यानांत येते. परीक्षा उत्तीर्ण होणें निराळें आणि विद्या ताजी राहणें निराळें. पंचवीस वर्षांपूर्वीं पाठ केलेला नकाशा आज फळ्यावर काढला, तर कांहीं राज्यांच्या सीमा चुकतील, कांहीं जिल्हे त्यांत सांपडणारच नाहींत. आपला नंदुरबार जिल्हाच पाहा ना. 1 जुलै 1998 रोजीं तो धुळ्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वींच्या नकाशांत तो कोठून असणार? परंतु मास्तराचा नकाशा जुना असला, तर विद्यार्थ्याचे दोन गुण जातात. डॉक्टराचा नकाशा जुना असला, तर जें जातें तें परत येत नाहीं. म्हणून पदवी घेतल्यानंतर डॉक्टरांनीं शिकत राहण्याची जी व्यवस्था आहे, जिला निरंतर वैद्यकीय शिक्षण म्हणतात, तिजविषयीं आज दोन शब्द बोलावयाचे आहेत. मी वैद्य नव्हे; पण रोगी होण्याचा प्रसंग सर्वांनाच येतो, आणि आपल्यावर उपचार करणाऱ्याची शाळा कशी चालली आहे हें जाणण्याचा रोग्याला पूर्ण अधिकार आहे.

आपल्या प्रांतांत पाश्चात्य वैद्यकाची रीतसर शाळा निघाली ती 1845 सालीं, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजाच्या रूपानें. 1851 सालीं तेथून पहिली तुकडी बाहेर पडली. तींत डॉक्टर भाऊ दाजी होते. पुढें 1912 च्या मुंबई वैद्यकीय कायद्यानें डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली आणि शिकलेला कोण व न शिकलेला कोण हें लोकांना कळूं लागलें. हा मोठाच लाभ होता. मात्र त्या नोंदवहींत एक गृहीत गोष्ट होती: परीक्षा एकदां, नोंद जन्मभर. ज्या काळांत औषधें थोडीं आणि बदल सावकाश, त्या काळांत हें खपून गेलें. आज तें खपत नाहीं. कां खपत नाहीं, हें पाहण्यास आपल्याच सातपुड्याचें उदाहरण घेऊं.

सिकल सेल हा रोग आपल्या जिल्ह्यांतील आदिवासी समाजांना अपरिचित नाहीं. रक्तांतील तांबड्या पेशी वास्तविक वाटोळ्या व लवचिक असावयाच्या. ह्या रोगांत त्या विळ्यासारख्या वांकड्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोग्याच्या हाडांत व सांध्यांत असह्य वेदना उठतात. अशा पेशींचें वर्णन शिकागोच्या डॉक्टर हेरिक ह्यांनीं 1910 सालीं प्रसिद्ध केलें. हिंदुस्थानांत, निलगिरीच्या आदिवासींत, त्या 1952 सालीं आढळल्या. आई व बाप दोघेही नुसते वाहक असले, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक माणूस बहुधा धडधाकट दिसतो, म्हणून घरांतील कोणालाच कल्पना नसते.

आतां शिक्षणाचा प्रश्न येथें कसा येतो तें पाहा. 1990 च्या सुमारास पदवी घेतलेल्या डॉक्टराला ह्या रोगावर काय शिकविलें गेलें असेल? वेदनाशामक द्या, सलाईन लावा, रक्त कमी झालें तर रक्त चढवा. त्या वेळीं तें योग्यच होतें. परंतु 1995 सालीं अमेरिकेंत सिद्ध झालें कीं, हायड्रॉक्सियुरिया ह्या गोळ्यांनीं प्रौढ रोग्यांचे वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात. 2011 सालीं लहान बालकांतही तिचा उपयोग दिसून आला. तान्ह्या व लहान रोग्यांना रोज पेनिसिलिन दिल्यास जीवघेण्या जंतुसंसर्गाचें प्रमाण शेकडा 84 नीं घटतें, हें तर 1986 सालींच प्रसिद्ध झालें होतें. म्हणजे झटका आल्यावर धांवाधांव करण्याऐवजीं झटका येऊंच न देण्याचा मार्ग सांपडला. परंतु ह्या गोळ्या नुसत्या लिहून देऊन भागत नाहीं. मधून मधून रक्त तपासावें लागतें, मात्रा जुळवावी लागते, गरोदर स्त्रीला त्या टाळाव्या लागतात. हें ज्यानें कधीं ऐकलेंच नाहीं तो डॉक्टर गोळी देणार नाहीं. ज्यानें अर्धवट ऐकलें तो भिऊन देणार नाहीं, किंवा न भितां चुकीची देईल. अक्राणीच्या डोंगरांतील मूल दर पावसाळ्यांत रात्रभर कण्हत राहील कीं शाळेंत येऊन बसेल, हें असें एका डॉक्टराच्या ताज्या ज्ञानावर अवलंबून असतें.

हा बदल होण्यास वर्षें तरी लागलीं. कोविडच्या सांथींत तो महिन्यांत झाला. जून 2020 मध्यें इंग्लंडांतील मोठ्या चांचणीचा निष्कर्ष आला कीं, डेक्सामेथासोन ह्या जुन्या व स्वस्त औषधानें व्हेंटिलेटरवरील रोग्यांचे मृत्यु तिसऱ्या हिश्श्यानें आणि प्राणवायु लागणाऱ्यांचे पांचव्या हिश्श्यानें कमी होतात. मात्र ज्यांना प्राणवायु लागत नाहीं त्यांना त्याचा कांहीं लाभ नाहीं. उलट, ज्या प्लाझ्मासाठीं लोक गांवोगांव दाते शोधीत फिरले, तो उपचार मे 2021 मध्यें आपल्या देशाच्या उपचारसूचींतून वगळण्यांत आला. एका वर्षाच्या आंत एक औषध आंत आलें आणि दुसरा उपचार बाहेर गेला. पदवीच्या वेळच्या वह्या येथें काय कामाच्या?

कोणी म्हणेल, अनुभव हाच गुरु. जुना डॉक्टर तो जाणता डॉक्टर. अनुभवाची थोरवी मी नाकारीत नाहीं. हात स्थिर होतो, नजर तीक्ष्ण होते, धीर देण्याची कला येते. परंतु अमेरिकेंतील संशोधकांनीं 2005 सालीं 62 अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हां निम्म्याहून अधिक अभ्यासांत असें आढळलें कीं, डॉक्टरकीचीं वर्षें वाढत गेलीं तसतशी ज्ञानाची किंवा उपचाराची प्रत सर्व बाबतींत उतरत गेली. अनुभव पूर्वींचें ज्ञान घट्ट करतो. नवें ज्ञान तो आपण होऊन आणीत नाहीं. तें बाहेरून आणावें लागतें.

तें आणण्यासाठीं नियम आहे. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांत डॉक्टरानें दर पांच वर्षांत किमान 30 तास अशा शिक्षणास द्यावेत असें सांगितलें आहे. आपल्या महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेनें त्याची सांगड नोंदणीच्या नूतनीकरणाशीं घातली. सभांना हजर राहून गुण मिळवावयाचे आणि पांच वर्षांनीं ते दाखवावयाचे. 2023 च्या ऑगस्टांत राष्ट्रीय वैद्यक आयोगानें नवे आचारनियम काढले, पण त्याच महिन्यांत ते स्थगित झाले. आतां मास्तराच्या संवयीनें हिशेब करूं. पांच वर्षांत 30 तास म्हणजे वर्षास सहा तास. महिन्यास अर्धा तास. शाळेंतील मुलाचा एक तासही ह्याहून मोठा असतो! नियम हा किमान आहे, पुरेसा नव्हे, एवढें ह्यावरून समजावें.

पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा. हजेरी लागली म्हणजे विद्या आली काय? हजेरीपटाची किंमत मास्तराइतकी कोणास ठाऊक! 2021 सालीं दोनशेंहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत दिसलें कीं, शैक्षणिक सभांमुळें वैद्यकीय मंडळींच्या प्रत्यक्ष कामांत सुधारणा होते, पण ती शेकडा सातांच्या आसपास. त्यापूर्वीं, 1999 सालीं, दुसऱ्या एका आढाव्यांत आढळलें होतें कीं, नुसत्या व्याख्यानानें डॉक्टरांची रीत बदलत नाहीं. जेथें प्रश्नोत्तरें होतात, हातानें करून पाहावयास मिळतें, तेथें ती बदलते. आम्हां शिक्षकांना ह्यांत नवल वाटणार नाहीं. गणित फळ्यावर पाहून येत नाहीं. पाटीवर सोडवून येतें.

ह्या सभांचा खर्च कोण करतो, हाही विचार टाळतां येत नाहीं. मोठ्या शहरांतील मोठ्या परिषदा, तेथील मंडप, भोजनें आणि प्रवास ह्यांत औषधी कंपन्यांचा पैसा वर्षानुवर्षें वाहत आला. व्यासपीठावरील विद्वान् प्रामाणिक असेल. पण यजमानाच्या मालाविषयीं पाहुणा सहसा कठोर बोलत नाहीं, हें मनुष्यस्वभावास धरून आहे. म्हणून 2009 सालीं डॉक्टरांनीं कंपन्यांकडून भेटी, प्रवास व आदरातिथ्य स्वीकारूं नये असा नियम झाला. फेब्रुवारी 2022 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, अशा भेटींचा खर्च दाखवून कंपन्यांना प्राप्तिकरांत सूट मागतां येणार नाहीं. मार्च 2024 च्या केंद्रीय संहितेनें व्याख्याता नसलेल्या डॉक्टराच्या प्रवासाचा व मुक्कामाचा भार कंपनीनें उचलण्यास आणि परदेशांत असे मेळावे भरविण्यास मनाई केली. दिशा बरोबर आहे. मात्र यजमान उठून गेला, तर पंगत वाढणार कोण, ह्याचें उत्तर समाजानें व सरकारनें द्यावयास हवें. शिक्षण फुकट होत नसतें. त्याचा खर्च उघड झाला नाहीं, तर तो आडवाटेनें रोग्याच्या औषधाच्या बिलांत येतो.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. 2011 च्या शिरगणतींत सुमारें साडेसोळा लक्ष वस्ती, तींत शेकडा 69 आदिवासी. धडगांवच्या दवाखान्यांतील डॉक्टराला पुण्यामुंबईच्या परिषदेस जावयाचें तर घाट उतरून शहाद्याकडे अगर तळोद्याकडे यावें, नंदुरबार गांठावें, आणि सुरतेवरून रात्रीची गाडी धरावी. एक दिवसाच्या सभेसाठीं तीन दिवस दवाखाना बंद! त्या तीन दिवसांत साप चावलेला, अडलेली बाळंतीण, उलट्या-जुलाबानें सुकलेलें पोर आलें, तर त्यानें कोणाचें दार ठोठवावें? ज्याला शिक्षणाची गरज सर्वांत अधिक, त्यालाच तें सर्वांत महाग पडतें. शिवाय आदिवासी भागांत कित्येक ठिकाणीं आयुर्वेदाचे पदवीधर सेवा करतात. 30 तासांचा वर सांगितलेला नियम आधुनिक वैद्यकाच्या नोंदणीपुरता आहे. रोग मात्र पदवी विचारून येत नाहीं.

ह्यावर उपाय नाहीं असें नव्हे. 2020 सालीं नंदुरबारास 100 जागांचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर होऊन सुरू झालें. शिकविणारे आतां जिल्ह्यांतच आहेत. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतांत डॉक्टर संजीव अरोरा ह्यांनीं 2003 सालीं एक पद्धति सुरू केली. तो प्रांतही विरळ वस्तीचा. यकृताच्या एका रोगाचे रोगी दूरवरून त्यांच्याकडे येत आणि महिनोन्महिने वाट पाहत. त्यांनीं रोगी आणण्याऐवजीं ज्ञान पाठविलें. ठरल्या वेळीं गांवोगांवचे डॉक्टर पडद्यावर एकत्र जमत, आपापला खराखुरा रोगी मांडीत, तज्ज्ञ व सोबती मिळून त्याचा विचार करीत. 2011 सालीं निकाल प्रसिद्ध झाला: विद्यापीठाच्या दवाखान्यांत बरे होणाऱ्यांचें प्रमाण शेकडा 57.5, आणि ह्या गांवच्या डॉक्टरांकडे 58.2. कोणीही गांव सोडलें नव्हतें. सातपुड्याच्या दऱ्यांत मोबाईलची खूण सर्वत्र मिळत नाहीं हें खरें. पण तालुक्याच्या गांवीं ती मिळते, आणि आठवड्यांत एक तास तेथें जमणें हें पुण्यास जाण्याहून निश्चित सोपें आहे. विषयही दूरचे नकोत. सिकल सेल, सर्पदंश, कुपोषित बालक, क्षय, बाळंतपण, एवढे पांच धडे वर्षभर नीट गिरविले तरी पुष्कळ झालें. सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजीं शहडोल येथें सुरू झाली आहे. सात कोटी लोकांची तपासणी व 2047 हें साल तिनें डोळ्यांपुढें ठेवलें आहे. तपासणी झाल्यावर तो कागद घेऊन रोगी ज्याच्यापुढें बसेल, त्या डॉक्टराची तयारी नसेल तर कागद कागदच राहील.

आणि खेड्यांतील डॉक्टरानें केवळ शिष्य व्हावें, असेंही नाहीं. कोंकणांत महाडकडे डॉक्टर हिंमतराव बावसकर ह्यांनीं लाल विंचवाच्या दंशानें माणसें तडफडून मरतांना पाहिलीं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसून त्यांनीं एकेका रोग्याची नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेविला आणि 1982 पासून लॅन्सेट ह्या विख्यात नियतकालिकांत आपलीं निरीक्षणें धाडलीं. पुढें प्राझोसिन हें रक्तदाबावरील औषध त्यांनीं ह्या दंशावर लागू केलें. गंभीर रोग्यांतील मृत्यूचें शेकडा तीस-चाळीस प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आलें. तेवढ्यावर ते थांबले नाहींत. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिली तर काय होतें, हें त्यांनीं तपासलें, आणि रोगी अधिक लवकर सांवरतो असा निष्कर्ष 2011 सालीं प्रसिद्ध केला. आपल्याच यशस्वी उपचाराची फेरपरीक्षा घेणें, हें निरंतर शिक्षणाचें खरें स्वरूप होय. 2022 सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही कीं, मोठमोठ्या परिषदांतील विद्वानांना त्यांनीं एका खेड्यांतून धडा दिला.

आतां आपण श्रोत्यांनीं काय करावें? डॉक्टर सभेला गेले म्हणून दवाखान्याला कुलूप दिसलें, तर लगेच बोल लावूं नये, मात्र ते परत आल्यावर, “डॉक्टरसाहेब, नवीन काय कळलें?” असें आदरानें विचारावें. घरांत सिकल सेलचा रोगी असेल, तर तपासणीचे कागद जपून ठेवावे, प्रत्येक भेटींत दाखवावे आणि झटका न येण्याचा उपाय आहे काय, हें पुसावें. ज्या ग्रामपंचायतींना व संस्थांना शक्य असेल त्यांनीं ह्या मासिक सभांसाठीं एक खोली, पडदा व दिवाबत्ती पुरवावी. शिकणाऱ्या डॉक्टराला “मला हें ठाऊक नाहीं, पाहून सांगतों” असें म्हणण्याची लाज वाटूं नये, असें वातावरण आपणच निर्माण केलें पाहिजे. जो डॉक्टर असें म्हणतो, त्याच्यावरील आपला विश्वास कमी न होतां वाढला पाहिजे. कारण त्याची शाळा अद्याप सुटलेली नाहीं.