महाविद्यालयाचे भंगार : जोखीम कोणाची, जबाबदारी कोणाची?

महाविद्यालये व विद्यापीठे दर दोन-चार वर्षांनी जुने सामान काढतात. वर्तमानपत्रात जाहिरात येते, नोटीस बोर्डावर कागद लागतो आणि भंगाराचा धंदा करणारे आमचे व्यापारी बांधव अनामत भरून बोली लावतात. मोडकी बाके, पंखे, लोखंडी कपाटे यांच्यासोबतच प्रयोगशाळेतील यंत्रेही त्याच लॉटमध्ये येतात. ती उचलायला हमाल लागतात, उघडायला गॅसकटर चालविणारा कारागीर लागतो, आणि तांबे, पितळ, शिसे वेगळे झाल्यावर ते ओतशाळेत जाते. एका लॉटवर अशी अनेक घरे चालतात. परंतु त्या लॉटमध्ये धोक्याची वस्तू असेल तर ती ओळखण्याची व वेगळी काढण्याची जबाबदारी कोणाची? प्राचार्यांची, प्रयोगशाळेच्या प्रमुखांची, भांडारपालाची की माल घेणाऱ्याची? हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. २०१० साली दिल्लीत जे घडले ते हा प्रश्न न विचारल्यामुळेच घडले.

हकीकत अशी आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ च्या सुमारास कॅनडाहून एक यंत्र आणले होते. त्यात कोबाल्ट-६० नावाचा किरणोत्सारी धातू होता. त्याच्या किरणांचा मारा पदार्थावर करून काय फरक पडतो, हे पाहण्याचे ते संशोधनाचे साधन होते. १९८५ पासून यंत्र बंद पडून होते. ज्यांनी ते वापरले ती मंडळी निवृत्त झाली, खोलीला कुलूप राहिले. पुढे खोली रिकामी करण्याची वेळ आली तेव्हा ते यंत्र निकामी सामानाच्या यादीत गेले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात विकले गेले. पश्चिम दिल्लीतील मायापुरी या मोठ्या भंगार बाजारातील व्यापाऱ्याने ते घेतले.

त्याने जे केले ते त्याच्या जागी कोणीही केले असते. यंत्र आकाराच्या मानाने फार जड होते, कारण आतल्या कोबाल्टचे किरण अडविण्यासाठी त्याच्याभोवती शिशाची जाड भिंत होती. भंगाराच्या धंद्यात शिशाला चांगला भाव असतो. कामगारांनी यंत्र उघडले, शिसे वेगळे केले आणि आतले धातूचे तुकडे मोकळे पडले. काही तुकडे दुसऱ्या दुकानात गेले. एकाने तर एक तुकडा आपल्या पाकिटात ठेवला. थोड्याच दिवसांत माणसे आजारी पडू लागली : उलट्या, केस गळणे, कातडी काळी पडून भाजल्यासारखी होणे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रुग्णालयातील डॉक्टरांना किरणोत्साराची शंका आली व सरकारी यंत्रणेला कळविण्यात आले. अणुऊर्जा नियामक मंडळ व भाभा अणुसंशोधन केंद्राची माणसे मोजमापाची साधने घेऊन मायापुरीत उतरली आणि त्यांनी तुकडे शोधून काढले. सात-आठ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्यांपैकी दुकानात काम करणारा एक कामगार एप्रिलअखेर दगावला. अणुअपघातांची तीव्रता मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीत या घटनेला चौथी पायरी देण्यात आली.

येथे एक हिशोब सांगणे जरूर आहे. कोबाल्ट-६० ची ताकद दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. म्हणजे १९८५ ते २०१० या पंचवीस वर्षांत ती सुमारे सत्ताविसाव्या हिश्श्यावर आली होती. तरीही जे उरले होते ते माणूस मारण्यास पुरेसे ठरले. "फार जुने आहे, आता त्यात काय राहिले असणार?" हा अंदाज आपल्या धंद्यात रोज केला जातो. बॅटरी किंवा मोटारीच्या बाबतीत तो खरा ठरेल, पण येथे तो कामाचा नाही.

आता जबाबदारीच्या वाटणीकडे वळू. कायदा नव्हता असे म्हणण्यास जागा नाही. २०१० साली किरणोत्सार संरक्षणाचे २००४ चे नियम लागू होते. त्या नियमांत कामे वाटून दिलेली होती. परवानाधारकाने आपल्याजवळील किरणोत्सारी वस्तूंची नोंद ठेवायची व त्या जागेवर आहेत की नाहीत हे तपासायचे. संस्था म्हणजे मालक; तिने साधने, माणसे व पैसा पुरवायचा, आणि संबंधित परवानाधारक किंवा सुरक्षा अधिकारी नोकरी सोडून गेला तर नियामकाला कळवायचे. किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याने सल्ला द्यायचा व देखरेख ठेवायची. कामगारानेही सूचना पाळायच्या. शिवाय परवानगीवाचून अशी वस्तू विकणे, हलविणे किंवा निकालात काढणे यांना मनाई होती. कागदावर पाहिले तर वाटणी चोख होती.

मग घोटाळा झाला कोठे? आमच्या मते यंत्राच्या वयात. हे यंत्र आले तेव्हा किरणोत्सार संरक्षणाचे १९७१ चे पहिले नियमही झाले नव्हते आणि नियामक मंडळ तर १९८३ साली स्थापन झाले. नियम मागाहून आले, यंत्र आधीपासून खोलीत होते, आणि त्याची ओळख असलेला माणूस निवृत्त झाला. निवृत्त होताना चार्ज दिला जातो, किल्ल्या दिल्या जातात, पण "त्या कोपऱ्यातल्या यंत्रात अमुक वस्तू आहे, ती कधीही उघडू नका" हे लेखी द्यायचे राहते. ज्यांना यंत्र निकामी ठरवायचे होते त्यांच्यापुढे फक्त एक जड, बंद पडलेली पेटी होती. प्रत्येकाला वाटले की आधीच्याने पाहिले असेल. वाटणी अशी झाली की प्रत्येकाकडे सही आली, वस्तू पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच आले नाही. पुढे नियामक मंडळाने विद्यापीठाला कारणे दाखवा नोटीस दिली, कुलगुरूंनी नैतिक जबाबदारी स्वीकारली व भरपाई देण्याचे सांगितले. गेलेला माणूस मात्र विद्यापीठाचा नोकरही नव्हता. तो वाटणीच्या यादीत कोठेच नव्हता.

असे फक्त दिल्लीतच घडले असेही नाही. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात सोडून दिलेल्या दवाखान्यातून उपचाराच्या यंत्राचा भाग भंगारात गेला व चार जण दगावले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. २००० साली थायलंडमध्ये अशाच प्रकारात तीन जण गेले. आणि माल न ओळखता भट्टीत गेला तर प्रकरण आणखी पसरते. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले, ते पोलाद भारतातून गेले होते आणि चौकशीचा माग आपल्या महाराष्ट्रातील एका ओतशाळेपर्यंत आला. म्हणजे नुकसान फक्त कापणाऱ्याचे नाही. ओतशाळेच्या मालाचे, निर्यातीचे आणि पेढीच्या नावाचेही आहे.

आपल्याकडील महाविद्यालयांत सामान विकण्याची पद्धत ठरलेली असते. जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, प्रत्येक वस्तूची नोंद असते. निकामी वस्तूंची यादी विभागप्रमुख करतात, निर्लेखन समिती ती पाहते, प्राचार्यांची मंजुरी होते आणि मग लिलाव. या पद्धतीचा सारा रोख पैशाच्या हिशोबावर आहे. वस्तू किती रुपयांना घेतली, आता किती येतील, कोणी हडप तर केली नाही, एवढे त्यातून कळते. वस्तूच्या पोटात काय आहे, यासाठी त्या वहीत रकाना नसतो. लेखापरीक्षक येतो तोही रुपयेच मोजतो. या ठिकाणी एक रकाना वाढविला आणि त्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुखाची स्वतंत्र सही घेतली, तर पुष्कळ काम होईल. खर्च काही नाही.

टेंडरमध्ये एक वाक्य हमखास असते : माल जसा आहे तसा, जेथे आहे तेथे. आमचे बांधव त्याचा अर्थ असा घेतात की आता सारी जोखीम आपली. मालाच्या दर्जापुरते ते ठीक आहे. पंखा चालला नाही म्हणून कोणी परत करीत नाही. परंतु जी वस्तू परवान्याशिवाय विकताच येत नाही, तिची जबाबदारी टेंडरच्या एका ओळीने खरेदीदाराच्या अंगावर टाकता येणार नाही. मालातील ऐब ठाऊक असणारा तो विकणाराच असतो. घेणाऱ्याला तो बाहेरून दिसत नाही. म्हणून विचारण्याचा हक्क घेणाऱ्याचा आहे आणि तो बोली लावण्यापूर्वी वापरावा. पैसे भरून गेटपास झाल्यावर कोणी ऐकून घेत नाही.

काय विचारावे? लॉटमध्ये प्रयोगशाळेचे सामान असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर एवढे लिहून मागावे की यांत किरणोत्सारी पदार्थ, पारा, आम्ले, भरलेले सिलिंडर वा स्फोटक रसायने नाहीत आणि विभागप्रमुखांनी प्रत्येक वस्तू पाहून सही केली आहे. काही ठिकाणी हसतील, काही ठिकाणी उशीर होईल. एकट्याने मागितले तर लॉट दुसऱ्याला जाईल ही भीतीही खरी आहे. म्हणून बाजारातील व्यापारी संघटनेनेच हा कागद मागण्याची रीत पाडली पाहिजे. सर्वांनी मागितला की तो देण्यावाचून संस्थेला गत्यंतर राहणार नाही.

किरणोत्सार हा क्वचित येणारा धोका आहे, हे आम्हांस मान्य आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत नाण्याएवढे छोटे किरणोत्सारी स्रोत प्रयोगासाठी असतात, मायापुरीसारखी मोठी यंत्रे थोड्याच ठिकाणी. रोजचा धोका वेगळाच आहे. जुन्या बॅरोमीटरमधील व थर्मामीटरमधील पारा सांडला तर साध्या उकाड्यातही त्याची वाफ होते, आणि पितळ गाळताना तो भट्टीत गेला तर ती वाफ थेट छातीत जाते. रसायनांच्या कपाटातील पिक्रिक ॲसिडची बाटली वर्षानुवर्षे राहून सुकली की ते रसायन स्फोटक होते. झाकण फिरविण्याचा घर्षणही त्याला चालत नाही. अशा बाटल्या काचेच्या भावाने पोत्यात भरल्या जातात! जुन्या भट्ट्यांत, धूर ओढणाऱ्या कपाटांत ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतात. ते करवतीने कापणाऱ्या सुताराच्या फुप्फुसात धूळ बसते आणि दुखणे वीस-तीस वर्षांनी वर येते. रिकामा समजलेला गॅस सिलिंडर पूर्ण रिकामा क्वचितच असतो, त्याला गॅसकटर लावणे म्हणजे मरणाला बोलावणे. व्हॉल्व्ह काढून आतील वायू गेल्याची खात्री पुरवठादाराकडून झाल्याशिवाय त्याला हात लावू नये.

कारागिराने ओळखावे कसे? काळजी घेणाऱ्या कारखान्याने बनविलेल्या यंत्रावर पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखे चिन्ह असते. २००७ पासून मोठ्या धोक्याच्या स्रोतांसाठी आणखी एक चिन्ह आले आहे : लाल त्रिकोणात वरती तीच तीन पाकळ्यांची खूण व तिच्यातून निघणारे किरण, खाली कवटी आणि पळणारा माणूस. हे वाचता न येणाऱ्यालाही कळावे असेच बनविले आहे. पण पाटी गंजते, रंगाखाली जाते, कधी पडून जाते. म्हणून वजनाकडे लक्ष द्यावे. हातभर पेटी दोन माणसांना हलत नसेल, आत शिशाचा थर असेल आणि त्याच्याही आत एखादी सीलबंद नळी किंवा डबी असेल, तर ते शिसे कोणीतरी हौसेने भरलेले नाही, काहीतरी अडविण्यासाठी भरले आहे असे समजावे व हत्यार खाली ठेवावे.

अशी वस्तू गोदामात आलीच तर ती कापू नये, हलवू नये. सर्वांनी तेथून लांब व्हावे, कारण अंतर दुप्पट झाले की किरणांचा मारा चौथ्या हिश्श्यावर येतो. दार बंद करून पोलिसांना ११२ वर कळवावे आणि वस्तू कोणत्या संस्थेतून आली ते सांगावे. नियामक मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे, पोलीस तेथे संपर्क साधू शकतात. संस्थेलाही त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी. चकचकीत तुकडा मुलांना खेळायला म्हणून घरी नेऊ नये, खिशात ठेवू नये. आणि उलट्या होऊ लागल्या किंवा हाताची कातडी काळवंडली तर डॉक्टरला आधी हे सांगावे की आपण भंगाराचे काम करतो व आठ-पंधरा दिवसांत अमुक यंत्र उघडले होते. एवढे सांगितले नाही तर डॉक्टर अन्नातील विषबाधेचे औषध देईल आणि तुकडा दुकानातच पडून राहील.