सापळा टिकला म्हणून

हवेत उडणारे कीटक मोजायचे तर आधी ऊन, पाऊस आणि वारा यांच्याशी दोन हात करावे लागतात. गेली नव्वदएक वर्षे कीटकशास्त्र हेच करत आले आहे.

तंबूत शिरलेले किडे दाराकडे परत जात नाहीत, वर चढून कोपऱ्यात जमतात, हे स्वीडनच्या रेने मालेझ यांनी हेरले. १९३४च्या ब्रह्मदेश मोहिमेत त्यांनी याच सवयीवर बेतलेला सापळा वापरला आणि १९३७मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. मधे जाळीची उभी भिंत, वर उतरते छप्पर, सर्वांत उंच टोकाला अल्कोहोलची बाटली. भिंतीला धडकलेली माशी उजेडाकडे वर वर जाते आणि बाटलीत पडते. वीज नको, आमिष नको. पुढे अमेरिकेच्या हेन्री टाउन्स यांनी १९७२मध्ये त्याचा हलका नमुना दिला.

रानात मात्र या साध्या रचनेचा कस लागतो. उन्हाने कापड विरते, अल्कोहोल उडून जाते. बाटलीत पावसाचे पाणी शिरले की किडे कुजतात. ताणाची एक दोरी सैल पडली तरी छप्पर लोंबते आणि किड्यांची वरची वाट बंद होते.

इंग्लंडच्या रॉथम्स्टेड संशोधन केंद्राने १९६४पासून वेगळी वाट धरली. तिथले सापळे १२.२ मीटर उंचीवरची हवा पंख्याने ओढून घेतात आणि मावा कधी, किती उडतो याची नोंद देतात. मालीच्या साहेल पट्ट्यात तर हेलियमच्या फुग्यांना बांधलेल्या चिकट जाळ्या संध्याकाळी चढवून सकाळी उतरवल्या जात. जमिनीपासून ४० ते २९० मीटर उंचीवर त्यांत मलेरिया पसरवणारे डास सापडले. रात्रीच्या वाऱ्यावर हे डास दूरदूर जातात, हे २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने दाखवले.

तरीही या साऱ्या वाटचालीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या अभ्यासकांचे काम. १९८९ ते २०१६ या काळात त्यांनी ६३ संरक्षित ठिकाणी मालेझ सापळे लावले, तेही एकाच बांधणीचे. म्हणूनच उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन २७ वर्षांत तीन-चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे ते २०१७मध्ये ठामपणे सांगू शकले. मधेच जाळीचा रंग किंवा माप बदलले असते, तर घट किड्यांची की सापळ्याची, हा वाद मिटलाच नसता.

फाटलेले कापड बदलावे, दोऱ्या पुन्हा ताणाव्यात, पण रचनेला हात लावू नये. अशा कंटाळवाण्या देखभालीला पैसा आणि माणसे मिळाली, तरच पुढच्या पिढीला आजच्या हवेशी तिच्या काळातल्या हवेची तुलना करता येईल.