पंपाची शिकवणी

शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. हौसेनं मागून घेतलेलं. आधी सगळी अक्षरं लिहायची आणि शेवटी अख्ख्या ओळीवर एकच शिरोरेषा ओढायची, पट्टी न लावता, ही माझी पद्धत. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये एका सकाळी ती रेघ मधूनच नाचायला लागली. अक्षरं कशीबशी उभी राहिली होती, कारण आखूड फराट्यात थरथर लपून जाते. लांब रेघेत ती लपत नाही. मागे सातवीतली एक मुलगी उभी होती. "बाई, थंडी वाजतेय का तुम्हाला?"

थंडी कसली? घरून निघताना निळा पंप दोनदा मारला होता आणि एस्टीतून उतरून शाळेचा चढ चढल्यावर परत दोनदा.

डॉक्टर त्याला इन्हेलर म्हणतात, आमच्या भागात सगळे पंपच म्हणतात. दम्याच्या माणसाकडे बहुधा दोन प्रकारची औषधं असतात. निळ्या पंपात साल्ब्युटामॉल. छाती आवळली, शिट्टी वाजायला लागली की तो मारायचा, पाचेक मिनिटांत श्वासनळ्या सैल पडतात आणि चार-सहा तास बरं वाटतं. दुसरा रोजचा पंप, त्यात स्टेरॉइड. तो नळ्यांची आतली सूज उतरवतो, पण सावकाश, दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशेबानं. घेतल्याबरोबर काही वाटत नाही. म्हणून निळा सगळ्यांचा लाडका आणि रोजचा नावडता. माझंही तेच झालं होतं.

थरथरीमागचं कारण पुढे डॉक्टरांनी समजावलं. श्वासनळीच्या स्नायूंवर साल्ब्युटामॉल ज्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, तसलेच रिसेप्टर हातापायांच्या स्नायूंतही असतात. औषध रक्तात उतरलं की तेही जागे होतात. काळीज धडधडतं ते याच घोळामुळे. साठीच्या दशकातली जुनी औषधं हृदयावर याहून जोरानं आदळायची. डेव्हिड जॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये साल्ब्युटामॉल तयार केलं, १९६९मध्ये ते बाजारात आलं, तेव्हा त्याचं मोठेपण हेच होतं की ते हृदयाला पुष्कळसं वगळून फुप्फुसाकडे जातं. पुष्कळसं, पूर्ण नव्हे. त्यात मी पंप मारून वर शिक्षकखोलीतला कडक चहा ओतायची. मग पहिल्या तासाला हजेरी घेताना कानात ठोके ऐकू यायचे.

त्या संध्याकाळी मी हिशेब मांडला. निळ्या पंपात २०० फवारे असतात. १ मार्चला आणलेला पंप ६ एप्रिलला संपला होता. दिवसाला साधारण साडेपाच! दम्यावर मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या हिशेबानं वर्षात असे तीन किंवा जास्त पंप संपले तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो, आणि महिन्याला एक संपत असेल तर जिवाचा. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मला फक्त रेघ वाकडी आल्याचं दुःख होतं.

रोजचा पंप मी का सोडला होता, तेही सांगते.

तो सुरू झाला आधीच्या वर्षीच्या जूनमध्ये. महिन्या-दीड महिन्यात जिभेवर आणि गालांच्या आत पांढरे ठिपके दिसायला लागले. साईचे तुकडे चिकटल्यासारखे. चमच्यानं खरवडले की खाली लालभडक. लोणच्याचा खार लागला तरी डोळ्यांत पाणी. ठेच्याशिवाय भाकरी न उतरणारी मी वरणभात कालवून खायला लागले. सासूबाई म्हणाल्या, तोंड आलंय, पोट साफ नाही. आणि रोज रात्री तूप लावायला लावलं. तुपाचा काय दोष? ती कॅन्डिडा नावाची बुरशी होती. ती तोंडात एरवीही थोडीफार असते. स्टेरॉइडचा थर रोज तिथेच बसत राहिला की तिथली राखण ढिली पडते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.

त्यापाठोपाठ आवाज गेला. एकदम नाही. आधी परिपाठाच्या प्रार्थनेत वरचा सूर लागेना, मग मागच्या बाकापर्यंत पोचेना, आणि श्रावणात तर पाचव्या तासाला नुसती हवा यायची. सहकारी म्हणाले, खडूची धूळ. मी ज्येष्ठमधाच्या काड्या चघळायला लागले, सकाळपासून घरी जाईपर्यंत. (हेही नंतर कळलं: ज्येष्ठमध फार खाल्लं तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं, आणि साल्ब्युटामॉलही जास्त झालं की तेच करतं. एखादी काडी ठीक. माझी दिवसाची जुडी व्हायची.)

मग कोजागरी आली. दम्यावर चांदण्यातल्या खिरीतून औषध देणारी ठिकाणं महाराष्ट्रात कितीतरी आहेत. मराठवाड्यातली माणसं मृग नक्षत्राला हैदराबादला माशाच्या प्रसादासाठी जातात, आमच्याकडे कोजागरीची खीर. सासूबाईंच्या ओळखीच्या ठिकाणी गेलो, रात्रभर जागलो, खीर खाल्ली. कुणाच्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही, खीर छानच होती. पण तिथे देणाऱ्यानं बजावलं, "आता पंप बंद, नाहीतर गुण येणार नाही." मला ते फार आवडलं. तोंड बरं होईल, आवाज येईल, आणि सांगणारा दुसराच, म्हणजे दोषही माझा नाही.

तोंड खरंच बरं झालं. मग दिवाळी आली. आधी माळ्यावरची झाडलोट, मग फटाके. भाऊबीजेच्या पहाटे तीन वाजता मी खिडकीचे गज धरून उभी होते आणि मला एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. दवाखान्यात वाफेचं औषध, मग पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, रोज ४० मिलिग्रॅम.

इथे मला आमच्या घरातल्या स्टेरॉइडच्या भीतीबद्दल बोलायचं आहे. त्या गोळ्यांनी पाच दिवस झोप उडाली, सारखी भूक लागायची, रक्तातली साखर वर गेली. त्यांना मात्र कुणी काही म्हणालं नाही. गोळी म्हणजे औषध आणि पंप म्हणजे शेवटची पायरी, असं आपलं डोक्यात बसलेलं. रोजच्या पंपातून मी दिवसाला ८०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड घेणं अपेक्षित होतं. ४० मिलिग्रॅम म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधं वेगळी, त्यांचा जोर वेगळा, वजनाला वजन लावता येत नाही हे मान्य. तरीही सहावीच्या मुलांना हे गणित घातलं तर तीसुद्धा विचारतील, बाई, मग घाबरायचं कशाला? पंपाच्या स्टेरॉइडनं दीर्घकाळात काहीच होत नाही असं नाही. मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षं घेतलं तर हाडं, डोळ्यांतला मोतीबिंदू, कातडीवरचे काळेनिळे डाग यांकडे लक्ष ठेवावं लागतं. म्हणून तर कमीत कमी मात्रेवर आणायचा प्रयत्न असतो. पण तो डॉक्टरांनी करायचा, खीरवाल्यानं नव्हे.

झटक्यानंतर मी रोजचा पंप परत सुरू केला, पण भीत भीत. आज घेतला, उद्या विसरले, परवा आवाज जपायचा म्हणून नको. उरलेली कसर निळ्यानं भरून काढायची. एप्रिलची वाकडी रेघ तिथून आली.

त्या आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फाइल उघडलीच नाही. म्हणाले, "पंप आणलाय? घेऊन दाखवा." मी घेतला. तोंडातून आणि नाकातून बारीक पांढरी वाफ बाहेर आली. ते काही न बोलता सिस्टरना हाक मारून दुसऱ्या पेशंटकडे वळले. पुढची वीस मिनिटं मी विद्यार्थिनी आणि त्या बाई.

त्यांच्याकडे औषध नसलेला रिकामा पंप होता, शिकवण्यासाठीचा. पण आधी त्यांनी माझ्या पंपात डोकावून पाहिलं आणि तोंडाशी अडकलेली एक लवंग बाहेर काढली. टोपण केव्हाच हरवलेलं, पंप पर्समध्ये, पर्समध्ये लवंगा. "ही छातीत गेली असती तर?" मला हसू आलं, त्यांना नाही.

"बाई, तुम्ही पंप पिताय," त्या म्हणाल्या. "ओढायचा असतो."

आधी पंप चार-पाच वेळा नीट हलवायचा. छातीतला श्वास सगळा बाहेर सोडायचा, इथेच मी चुकत होते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी कुठे मावणार? हनुवटी जराशी वर. ओठ गच्च. मग सावकाश श्वास घ्यायला सुरुवात करायची आणि सुरुवात झाल्यावर बटण दाबायचं. मी उलटं करायची: आधी फस्सकन दाबायचं, मग घाईनं श्वास ओढायचा. तोवर फवारा समोरच्या घशावर जाऊन आपटलेला. दाबल्यावरही ओढत राहायचं, चार-पाच सेकंद, आणि मग दहा अंक मनात मोजेपर्यंत श्वास आत धरायचा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटानं, परत हलवून. पावडरचं यंत्र असेल तर ओढायची रीत बदलते, तिथे जोरात आणि झपकन ओढावं लागतं. शेजारणीचं पाहून शिकू नये ते यासाठी.

सातव्या वेळी माझ्या तोंडातून वाफ आली नाही. सिस्टर म्हणाल्या, "आता फुप्फुसाला कळलं, तुम्ही औषध घेताय ते."

इतकं करूनही औषधाचा मोठा हिस्सा तोंडात-घशातच राहतो. म्हणून त्यांनी स्पेसर दिला. दोन भागांचं पारदर्शक प्लॅस्टिकचं भांडं, छोट्या दुधी भोपळ्याएवढं. फवारा आधी त्यात, जड थेंब तिथेच भिंतीला बसतात, बारीक ते आपण ओढायचे. एका वेळी एकच फवारा. मी तो पहिल्या रविवारी घासून, पुसून, लख्ख करून ठेवला आणि नेमकं तेच करायचं नसतं. कोरड्या फडक्यानं पुसलं की प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतींना चिकटतं. केसांवर पट्टी घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग आमच्या शाळेत दरवर्षी होतो, पण हे काही मला सुचलं नाही. आता साबणाच्या कोमट पाण्यात बुडवते आणि तसाच निथळत ठेवते.

गुळण्यांचं मात्र सगळ्यात सोपं. पंपाचं ठिकाण पर्समधून मोरीजवळच्या फळीवर, दात घासायच्या ब्रशशेजारी आणलं. आधी पंप, मग ब्रश, मग दोन-तीन खळखळून गुळण्या, आणि पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. सकाळी आणि रात्री. त्यामुळे विसरायलाही होत नाही. एकादशीला सासूबाईंनी विचारलं होतं, उपासाला पंप चालतो का? म्हटलं, चालतो, तो छातीत जातो आणि तोंडात जो राहतो तो थुंकते. जिभेवर परत आलेल्या बुरशीवर डॉक्टरांनी क्लोट्रिमाझोलचं तोंडात लावायचं औषध दिलं होतं, दोन आठवड्यांत जीभ गुलाबी झाली. त्यानंतर पांढरं काही उगवलं नाही.

आवाजानं वेळ लावला. गुळणीचं पाणी स्वरयंत्रापर्यंत जात नाही, त्यामुळे तिथे बसलेलं औषध धुऊन निघत नाही. काही जणांत स्टेरॉइडनं स्वरतंतूंचे स्नायूच थोडे थकतात. माझा दमा तीन महिने शांत राहिल्यावर डॉक्टरांनी मात्रा निम्म्यावर आणली, दोन फवाऱ्यांऐवजी सकाळ-संध्याकाळ एकेक. मग हळूहळू आवाज उघडला. वरचा षड्ज अजून पूर्वीसारखा लागत नाही. तो वयानं गेला की औषधानं, हे मी कुणाला विचारलेलं नाही.

पंप उघडला की त्यावर पेननं तारीख घालते. रोजच्या पंपात १२० फवारे, दिवसाला दोन, म्हणजे साठ दिवस. ९० दिवस पुरला तर मीच कुठेतरी दांडी मारली. निळा पंप गेल्या नोव्हेंबरपासूनचा आहे, अजून अर्ध्याहून जास्त भरलेला. मारला की हात अजूनही थोडा थरथरतो, पाऊण तासानं थांबतो. तेवढा वेळ फळ्याकडे जात नाही, वह्या तपासते.

यंदा सहावीत एक मुलगा आहे. त्याचा निळा पंप माझ्या टेबलाच्या खणात असतो, कारण तो मित्रांसमोर घ्यायला लाजतो. पालकसभेत त्याची आई हळूच म्हणाली, स्टेरॉइडनं उंची खुंटते म्हणे, आम्ही रोजचा पंप बंद केलाय. उत्तर अमेरिकेत मुलांना मोठेपणापर्यंत तपासून केलेल्या एका अभ्यासात पूर्ण वाढ झाल्यावर सरासरी १.२ सेंटिमीटरचा फरक आढळला होता, २०१२मध्ये तो प्रसिद्ध झाला. मी वहीवरच्या पट्टीवर तिला तेवढं अंतर दाखवलं. बोटाच्या पेरापेक्षा कमी. मग मी तिला भाऊबीजेची पहाट सांगितली. पुढच्या सोमवारी ती त्याला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आली.

तुमच्याकडे पंप असेल तर एवढं करा: पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना फाइलबरोबर तोही न्या, आणि त्यांनी विचारलं नाही तरी त्यांच्यासमोर एकदा घेऊन दाखवा. निघण्याआधी तोंडाशी काही अडकलंय का, तेवढं बघा.